मुरवणीचे पंचेचाळीस दिवस

दोन हजार एक्याऐंशी साली तापीकाठ विद्यापीठात मुरवणीचा नियम लागू होऊन सहा वर्षं झाली होती. तरुणांच्या तो अंगवळणी पडला होता, जुन्या माणसांना मात्र अजून नवल वाटे. त्यांच्या काळी परीक्षेची तयारी म्हणजे अभ्यास वाढवणं. शेवटची घंटा होईपर्यंत मुलं परीक्षागृहाच्या दारात वहीत डोकं खुपसून उभी असत. ओठ पुटपुटत असत, कुणी कुणाला ओरडून एखादं सूत्र विचारत असे, आणि घंटा झाली की दाराशी दप्तरांचा ढीग पडे. आता परीक्षेची तयारी म्हणजे अभ्यास बंद करणं.

पेपरच्या पंचेचाळीस दिवस आधी सगळी पुस्तकं, वह्या, पाट्या वसतिगृहाच्या कोठीत जमा करायच्या. रेक्टरबाई कोठीला सील लावत. त्यानंतर उजळणी करायची नाही, मनातल्या मनातही नाही. "अभ्यास कसा झाला?" असं आईवडिलांनी फोनवर विचारू नये, अशी छापील सूचना घरोघर जाई. मग मुलं कॅरम खेळत, मेसमध्ये पुऱ्या लाटायला मदत करत, दुपारी ताणून देत. परीक्षेच्या तोंडावर वजन वाढलेली मुलं खानदेशात तेव्हाच पहिल्यांदा दिसली.

हे सगळं सुरू झालं 'रात्रपाठा'मुळे. रात्रपाठ म्हणजे डोक्यावर घालायची एक टोपी. ती घालून झोपलं की सकाळी अख्खा विषय पाठ झालेला असे. पण आठवडाभरात तो विरूनही जाई. टोप्या स्वस्त झाल्या, पहिल्या वर्गाच्या पदव्यांचा पूर आला, आणि पूल बांधणाऱ्यांना पुलाचं गणित येईना.

या रोगावर औषध शोधलं ते विद्यापीठाच्याच मेंदूविज्ञान विभागातल्या डॉक्टर यशोधन सरोदे यांनी. माणसाची प्रत्येक आठवण मेंदूतल्या पेशींच्या जोडांवर बसलेली असते आणि तो जोड प्रथिनाच्या एका गाठीने बांधलेला असतो. हे 'गाठप्रथिन' दिवसागणिक किंचित बदलत जातं. झाड कापलं की वर्तुळं मोजून त्याचं वय सांगता येतं, तसं या गाठीवरून आठवणीचं वय सांगता येतं. सरोद्यांनी कपाळावर बांधायचा एक पट्टा तयार केला. विद्यार्थी उत्तर लिहू लागला की ते ज्या आठवणीतून येतंय तिचं वय, म्हणजे 'स्मृतिवय', बाकावरच्या छोट्या खिडकीत दिवसांत उमटे. नियम ठरला: तीस दिवसांहून ताज्या आठवणीतून आलेल्या उत्तराला गुण नाहीत. अशी उत्तरं निम्म्याहून अधिक निघाली तर रात्रपाठाचा ठपका आणि तीन वर्षं परीक्षेला बंदी. पंचेचाळीस दिवसांतले वरचे पंधरा चुकूनमाकून झालेल्या उजळणीसाठी ठेवले होते.

मुरवणीच्या दहाव्या दिवशी 'चाचपणी' होई. पट्टा नीट बसतोय का ते पाहायचं, बाकी काही नाही. त्यासाठी पहिल्या वर्षाचे पाच प्रश्न विचारत. शेवटच्या परीक्षेत ते येत नसत, म्हणून आठवले तरी बिघडत नसे.

भूजलशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला असलेली कुमुद बऱ्हाटे चाचपणी देऊन खोलीवर आली ती रडवेली होऊन. तिची खोलीसोबतीण रुबीना तडवी पलंगावर शेंगा फोडत बसली होती.

"माझं बघ," रुबीना म्हणाली, "चाळीस दिवस, साठ दिवस, एक तर पार अडीच वर्षांचं. शिळी भाकर आहे मी. तुझं काय निघालं?"

"एक."

"एक काय? एक वर्ष?"

"एक दिवस. पाचही उत्तरांना एक दिवस."

रुबीनाच्या हातातली शेंग तशीच राहिली. "कुमे, टोपी घातलीस?"

"तुझ्यासमोर झोपते ना गं मी रोज!"

"ते खरंय. घोरतेस पण टोपीशिवाय."

दुसऱ्या दिवशी सरोद्यांनी कुमुदला बोलावलं. ठपका ठेवण्याआधी विद्यार्थ्याचं म्हणणं ऐकून घ्यायचं, असा त्यांचाच दंडक होता. त्यांच्या खोलीत पट्टा बांधून त्यांनी तिला भराभर प्रश्न विचारले. नद्यांवरचे, पावसावरचे, पंपांवरचे. उत्तरांची वयं ठीक निघाली, महिना, दोन महिने. खडकांकडे वळले की मात्र पट्ट्याच्या खिडकीत एक.

"जमीन खणत गेलं तर आपल्याकडे काय काय लागतं?" त्यांनी विचारलं.

"वर काळी माती. मग मुरूम. मग मांजऱ्या, भोकाभोकांचा दगड. मग काळा पाषाण." कुमुद एका सुरात म्हणाली.

"हे कुणी शिकवलं?"

"आईने."

कुमुदची आई शशिकला भूजल खात्यात विहिरींची पाहणी करायची. जामनेरकडच्या चाळीस गावांतल्या विहिरी तिच्याकडे होत्या. कुमुद चौदा वर्षांची असताना ती साध्या तापाचं निमित्त होऊन गेली. ती पहाटे पाचला उठून चहा ठेवायची आणि दुधाची वाट बघता बघता लेकीकडून खडकांचे थर म्हणवून घ्यायची. आठ वर्षं झाली, कुमुद अजून पाचला जागी होई. डोळे मिटून पडे, आणि आई येई. पिवळी ओढणी, हसरा चेहरा, खालच्या पट्टीतला मऊ आवाज. कधी चुलीशी, कधी विहिरीच्या काठावर. आईबरोबर खडक येत, भेगा येत, पाण्याच्या वाटा येत. भूजलशास्त्राचा निम्मा अभ्यासक्रम रोज पहाटे येऊन जाई.

सरोद्यांनी पट्टा सोडला आणि म्हणाले, "तू टोपी घातलेली नाहीस. पण यंत्रही चुकलेलं नाही."

"म्हणजे काय सर? चौदा वर्षांची असताना शिकलेय मी हे."

"शिकलीस तेव्हा. पण आठवण कपाटातल्या फोटोसारखी नसते, बाहेर काढली, पाहिली, परत ठेवली, अशी. आठवलं की गाठ सुटते आणि ती आठवण मोकळी होते. पाच-सहा तासांत नवी गाठ बसते, त्या दिवसाच्या तारखेची. तू रोज पहाटे गाठ सोडतेस. लोणच्याची बरणी रोज उघडली तर ते मुरेल कसं?"

"मग मी करू काय?"

"पस्तीस दिवस राहिलेत, लागतात तीस. हे नाही आठवायचं."

"खडक?"

"खडक एकटे येत नाहीत ना तुझ्याकडे," सरोदे म्हणाले. "आईला नाही आठवायचं."

सवलत देण्याची सोय नियमात नव्हती. एकाला दिली असती तर टोपीवाल्या शंभर जणांच्या आया वारल्या असत्या. आणि तीन वर्षांची बंदी कुमुदला परवडणारी नव्हती. आईची चाळीस गावं आठ वर्षं माणसाविना होती. खात्याने ती जागा यंदा भरायला काढली होती, आणि पुन्हा केव्हा निघेल ते कुणी सांगू शकत नव्हतं. लहानपणापासून तिला तेवढंच करायचं होतं.

बातमी कळताच तिचे वडील, भागवतअण्णा, सकाळच्या गाडीने आले. केळीचे बागाईतदार, उंच, बोलायला मोकळे. भरीत आणि कळण्याच्या भाकरीचा डबा त्यांनी सरोद्यांच्या टेबलावर ठेवला आणि खुर्ची ओढून समोर बसले.

"साहेब, तुमचं शास्त्र मोठं असेल. पण आठवण काय मोटारीचं बटण आहे, दाबलं की बंद?"

"नाही अण्णा. बंद कर म्हटलं तर जास्तच येते. तिला वळण द्यावं लागतं. आली की दुसऱ्या वाटेला लावायची."

"आणि वळवून वळवून कायमची गेली म्हणजे? पोरीजवळ आईचं तेवढंच आहे."

"जाणार नाही. खरं सांगायचं तर उलट आहे." सरोदे थांबले. पुढचं बोलावं की नाही, असं त्यांना झालेलं दिसलं. "प्रत्येक वेळी गाठ सुटते तेव्हा त्या दिवसाचं काहीतरी आत मिसळतं. त्या दिवशीचा आपला मूड, नंतर ऐकलेलं, हवंसं वाटलेलं. रोज आठवलेली आठवण सगळ्यांत जवळची वाटते, पण मूळच्यापासून तीच सगळ्यांत लांब गेलेली असते."

कुमुदने वडिलांकडे पाहिलं. "अण्णा, आईची ओढणी पिवळी होती ना?"

"ओढणी?" अण्णा हसले. "अगं, विहिरीत उतरणारी बाई ती. ओढणी कुठली? डोक्याला गमछा बांधायची, निळा."

"पिवळी ओढणी होती. आणि ती कधी रागवायची नाही."

"शशी? तिच्या रागाला तलाठी घाबरायचा! तुला एकदा..." अण्णा बोलता बोलता अडले. "पण तुझ्यावर नसेल रागावली. गमछा मात्र निळाच."

"अण्णा, तुम्ही त्यांना किती वेळा आठवता?" सरोद्यांनी हळूच विचारलं.

"रोजच की. दोन वेळा, जेवताना."

बोलून झाल्यावर अण्णांच्या ते लक्षात आलं. "म्हणजे माझा निळाही...?"

"सांगता येत नाही. तुम्हा दोघांजवळ आहे ती कालची आई आहे."

त्यानंतर डबा कुणी उघडला नाही. जाताना अण्णांनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. "पेपर होईस्तोवर मी फोनवर तिचं नाव काढायचो नाही," ते म्हणाले. "पावसापाण्याचं बोलू."

पुढची सूत्रं रुबीनाने हातात घेतली. कुमुदला साडेचारलाच उठवून ती केळीच्या बागांकडे फिरायला न्यायची, म्हणजे पाचची वेळ अंथरुणात सापडू नये. आणि कुमुदचा चेहरा स्थिर झालेला दिसला, की जिथे असतील तिथे ओरडायची, "एकोणतीस!"

मग कुमुदने एकोणतीसचा पाढा म्हणायचा. एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न, एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी. पुढे अडायची, आणि अडखळण्यात आई मागे पडायची.

"सोपा पाढा दे ना," ती कळवळून म्हणायची.

"सोप्यात विचार करायला जागा राहते. चोक किती?"

"एकशे... सोळा."

"शाब्बास. चल, आता पाचे."

आठवड्याभरात मजल्यावरच्या सगळ्या मुली तो पाढा म्हणू लागल्या. मेसमधल्या वाढपी काकूसुद्धा वरण वाढताना "एकोणतीस नव्वे?" असं विचारून कुमुदला अडवायच्या.

पहिले चार दिवस ती रोज चुकली. स्वप्नात आई आली तर ते धरायचं का, असं तिने सरोद्यांना विचारलं. जागेपणी पुन्हा घोळवलं नाही तर नाही, असं ते म्हणाले. पाचव्या दिवशी, म्हणजे मुरवणीच्या पंधराव्या, संध्याकाळी मेसच्या मागे कुणीतरी दगडी खलबत्त्यात काहीतरी कुटत होतं. दगडावर दगड वाजला आणि आई पुरतीच आली, थरांसकट, भेगांसकट. पाढा म्हणायचंही कुमुदला सुचलं नाही. ती तिथेच पायरीवर बसून राहिली.

रुबीनाने बोटं मोजली. "आज पंधरावा. पेपर शेहेचाळिसाव्याला सकाळी. होतात तीस दिवस आणि वर एक रात्र. आता मात्र एकदाही नाही, कुमे."

त्यानंतर एकदाही नाही. निदान कुमुदला तसं वाटत होतं. आठवलं नाही हे कसं आठवणार? आणि या दिवसांत तिला आणखी एक गोष्ट जाणवली. ती तिने कुणालाच सांगितली नाही. तिला बरं वाटू लागलं होतं. भूक लागत होती. कॅरममध्ये तिने रुबीनाला दोनदा हरवलं. आठ वर्षांत पहिल्यांदा सकाळ नुसती सकाळ होती.

पेपरच्या दिवशी परीक्षागृहाच्या दारात गर्दी होती, पण हातात वही कुणाच्याच नव्हती. कुणी जांभया देत होतं, कुणी दहीसाखरेचे हात पुसत होतं. कुमुद बाकावर बसली, पट्टा बांधला आणि पहिला प्रश्न वाचला. मांजऱ्या खडकात पाणी का साठतं? तिने लिहायला सुरुवात केली आणि खिडकीकडे बघायचं नाही असं ठरवूनही पाहिलं.

तीस.

दुसऱ्यालाही तीस. तिसऱ्याला तीस. तिने इतका मोठा श्वास सोडला की पुढच्या बाकावरच्या मुलाने मागे वळून पाहिलं. पाढ्याने तारून नेलं होतं. हात भराभर चालू लागला.

शेवटचा प्रश्न वीस गुणांचा होता. कातळाच्या माळावर तीस फुटांच्या अंतराने दोन विहिरी आहेत, खोली सारखी. एक तुडुंब भरलेली, दुसरी कोरडी ठाक. असं का व्हावं?

कुमुदला उत्तर येत नव्हतं. हा भाग वर्गात शिकवला तेव्हा ती तापाने पडली होती. तिने थर आठवून पाहिले, भेगा आठवून पाहिल्या, त्यातून काही निघेना. पेन खाली ठेवून ती परीक्षागृहाच्या दाराबाहेर बघत राहिली. आणि जी आठवण तिने कधीच शोधली नव्हती, ती आपण होऊन आली.

जामनेरच्या बसस्टँडवरचं रसवंतीगृह. घुंगरांचा आवाज. गाडी चुकलेली. समोर आई, घामाने निथळलेली, एक गाल सुजलेला, कारण तिची दाढ दुखत होती. डोक्याला काहीच नव्हतं, ना पिवळं ना निळं. केस विस्कटले होते. तेरा वर्षांच्या कुमुदने दुसरा ग्लास मागितला होता.

"गप बस गं भवाने!" आई म्हणाली. आवाज खालच्या पट्टीतला नव्हताच. बारीक, टोकदार आणि सुजेने बोबडा झालेला. "सकाळपासून त्या म्हाताऱ्याने डोकं खाल्लं, आता तू. दोन विहिरी, दोन विहिरी! अरे, मध्ये उभी भिंत आहे कातळाची." तिने सांडलेल्या रसात बोट बुडवून टेबलावर दोन गोल काढले आणि मध्ये एक रेघ ओढली. "जमिनीच्या पोटातनं वितळलेला दगड फटीत घुसला आणि तिथेच थिजला. इकडचं पाणी तिकडे जाणार कसं? कळलं? नाही कळलं तर नको कळू. दाढ ठणकतेय माझी."

कुमुद परीक्षागृहात मोठ्याने हसली.

पर्यवेक्षक जवळ आले. तिला दटावणार, तोच त्यांचं लक्ष बाकावरच्या खिडकीकडे गेलं. तिथे आकडा होता तीन हजार चारशे दोन. नऊ वर्षं आणि वर चार महिने. त्या दिवसानंतर ही आठवण एकदाही उघडली गेली नव्हती. पर्यवेक्षकांनी पट्टा तपासला, पुन्हा आकडा पाहिला आणि ते पुढे गेले. कुमुदने दोन गोल काढले, मध्ये रेघ ओढली, आणि आईचेच शब्द शिव्या वगळून लिहून काढले.

बाहेर सरोदे उभे होते. आकड्याची बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती.

"सर, ती रागीट होती," कुमुद म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता. "आणि आवाज अगदी पातळ. अशीच होती ती!"

"हो. ही खरी." सरोदे हसले, पण लगेच गंभीर झाले. "कुमुद, तुला माहीत आहे ना?"

ती जाणून होती. गाठ सुटली होती. "किती वेळ आहे?"

"संध्याकाळपर्यंत. पाच-सहा तास. मग नवी गाठ बसेल, आजच्या तारखेची. त्यात हा पेपर मिसळेल, तुझं हसणं मिसळेल."

"लिहून ठेवलं तर?"

"शब्द राहतील."

रुबीना पेपर संपल्याच्या आनंदात तिला शेवभाजी खायला ओढत होती, पण कुमुद गेली नाही. ग्रंथालयामागच्या कडुलिंबाखाली ती दुपारभर एकटी बसली. आठ वर्षं रोज पहाटे जी येत होती ती वेगळी बाई होती, हे आता तिला स्वच्छ दिसत होतं. ही समोर बसलेली, सुजल्या गालाची, तिची आई होती. दिवेलागणीला ती उठली तेव्हा तिला हलकं वाटत होतं. नऊ वर्षं तिच्याकडे जे होतं ते आता उरलेलं नव्हतं, पण एकदा भेट झाली होती.

कुमुदला एकाहत्तर टक्के पडले आणि जामनेरकडची चाळीस गावं मिळाली. ती तिने बत्तीस वर्षं सांभाळली. तिच्या रागाला तलाठी घाबरत. रुबीनाने शाळेत गणित शिकवलं, आणि तिच्या हाताखालून गेलेल्या पोरांना एकोणतीसचा पाढा झोपेतही येतो. सरोद्यांनी निवृत्तीनंतर पट्टे विद्यार्थ्यांपुरते ठेवले नाहीत. खानदेशातल्या गावोगावी ते नेले, आणि आपल्या माणसाची आठवण खरी किती उरली आहे ते लोकांना कळू लागलं. ते स्वतः मात्र पट्टा बांधायला कधी तयार झाले नाहीत.

हळूहळू एक नवी रीत पडली. घरात माणूस गेलं की त्याचं नाव काढायचं बंद. फोटो उलटा, कपडे कोठीत. कुणी विचारलं, तर सांगायचं, "मुरत ठेवलंय." ज्या घरांत पूर्वी तेरा दिवस मेलेल्याचेच विषय चालत, तिथे आता लोक पावसापाण्याचं बोलतात.

भागवतअण्णा दोन हजार अठ्ठ्याण्णव साली गेले. कुमुद रडली नाही, म्हणून भाऊबंदांनी नावं ठेवली. तेराव्याला कुणीतरी अण्णांचा एक किस्सा काढला, तेव्हा ती पाढा पुटपुटत उठून गेली. आज ती एकाहत्तर वर्षांची आहे. एवढ्या वर्षांत तिने वडिलांना एकदाही आठवलेलं नाही. ते सगळेच्या सगळे तिच्याजवळ आहेत, एकही गाठ न सुटलेले, आणि या विचाराने तिला शांत झोप लागते. कधीतरी एक दिवस ती त्यांना भेटणार आहे. तो दिवस कोणता, हे तिने अजून ठरवलेलं नाही.